चौदा वर्षांचा प्रश्न, पंचेचाळीस मिनिटांचे उत्तर

धागा : संगणक अभियंत्यांच्या मुलाखतीत अवघड कोडी का घातली जातात? या प्रथेचा इतिहास हरसूलच्या एका ओटीवरून सुरू होतो, फिलाडेल्फिया, लंडन आणि देवळाली असा फिरतो आणि पुन्हा त्याच ओटीवर येऊन थांबतो.

१/२६
नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की डोंगर जवळ येतात. खाचरांत भात आणि उतारांवर नागली-वरई दिसू लागते. गुजरातची हद्द तेथून फार दूर नसते. या पट्ट्यातील पाड्यांचे बाजाराचे गाव म्हणजे हरसूल. तेथील २३ वर्षांचा एक तरुण भाद्रपदातल्या एका सकाळी घराच्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसला होता. घरात नेटवर्क टिकत नसे. ओटीच्या डाव्या कोपऱ्यात मात्र टिके, आणि तो कोपरा त्याने आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवला होता.

२/२६
पडद्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीचा मुलाखतकार होता. प्रश्न असा : चढत्या क्रमाने लावलेली आकड्यांची एक यादी मधेच तोडून तिचा मागचा तुकडा पुढे जोडला आहे, या यादीत दिलेला आकडा कोठे आहे, ते कमीत कमी पायऱ्यांत शोधणारा प्रोग्रॅम लिहा. वेळ ४५ मिनिटे. लिहिताना मनात चाललेला विचार मोठ्याने, इंग्रजीत, बोलत राहायचा. हाच प्रश्न त्याने आठवड्यापूर्वी रात्री एकट्याने वीस मिनिटांत सोडवला होता. त्या सकाळी मात्र तिसऱ्या ओळीवर हात थांबला, तो हललाच नाही.

३/२६
मुलाखत संपली तेव्हा वडील अंगणात उभे होते.
“काय विचारलं रे?”
“यादीतला एक आकडा शोधायचा होता, बाबा.”
“मग? नाही सापडला?”
“सापडला होता. सांगता नाही आला.”
दोन दिवसांनी नकाराचा दोन ओळींचा ईमेल आला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू व्हायला चार महिने उरले होते. नकारापेक्षा एक विचार त्याला अधिक छळत होता : जे काम आपल्याला येते असे आपण समजत होतो, ते मुळात आपल्याला येतच नसेल तर?

४/२६
त्याला इतिहासाची आवड होती. खैराई किल्ल्याच्या वाटा पायाखालच्या. एखादी वास्तू समजत नसेल तर ती कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधली हे विचारायचे, ही सवय किल्ल्यांनी लावलेली. तीच सवय त्याने या प्रश्नाला लावली. हा प्रश्न प्रथम कोणी सोडवला? त्याला किती वेळ लागला? आणि तो नोकरीच्या दारावर कोणी आणून ठेवला? उत्तरे शोधताना हाती आलेला इतिहास त्या दोन ओळींच्या ईमेलपेक्षा बराच मोठा निघाला.

५/२६
आधी प्रश्नाचे मूळ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात एखादा शब्द शोधायचा असेल तर कोणी पहिल्या पानापासून वाचत जात नाही. कोश मध्यावर उघडायचा. शब्द त्या पानाच्या अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यायचा, आणि उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढायचा. या रीतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. दहा लाख शब्दांच्या यादीतही वीस खेपांत शब्द सापडतो. कल्पना शाळकरी मुलाला समजेल इतकी सोपी आहे. ती बिनचूक लिहिणे मात्र सोपे नाही, आणि याला इतिहास साक्ष आहे.

६/२६
१९४६ साली फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये संगणकावरची एक व्याख्यानमाला झाली. ‘एनिअ‍ॅक’ या संगणकाचे एक जनक जॉन मॉक्ली यांनी तीत या रीतीचा उल्लेख केला. पण ती रीत ३, ७, १५, ३१ अशा ठरावीक लांबीच्या याद्यांनाच लागू होती. कोणत्याही लांबीच्या यादीवर चालणारी रीत डेरिक लेमर यांनी प्रसिद्ध केली ती १९६० साली. मधे चौदा वर्षे गेली. ती कोणाच्या आळसामुळे गेली नाहीत. मध्य कोठे धरायचा, टोक केव्हा सोडायचे, यादी संपली हे कसे ओळखायचे, या बारीक जागी चूक लपून बसते.

७/२६
पुढे बेल प्रयोगशाळेतील जॉन बेंटली यांनी अनुभवी प्रोग्रॅमरांच्या वर्गांत हीच रीत लिहायला दिली. वेळ दिला दोन तासांच्या आसपास. बहुतेकांना आपले उत्तर बरोबर असल्याची खात्री होती. तपासल्यावर सुमारे ९० टक्के उत्तरांत दोष निघाला. बेंटलींनी हा अनुभव १९८६ च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात नोंदवला. हे लोक उमेदवार नव्हते. त्यांना नोकऱ्या होत्या, वर्षांचा अनुभव होता, आणि खांद्यावरून डोकावणारे कोणी नव्हते.

८/२६
गोष्ट येथेही संपत नाही. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की जावा या भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयात त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये जवळजवळ नऊ वर्षे एक दोष दडून होता; बेंटलींच्या पुस्तकातील प्रोग्रॅममध्येही तोच होता. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून निम्मी करतात. यादी अब्जावधी नोंदींची असेल तर ही बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे जाते. संगणकाच्या ३२ अंकी द्विमान पूर्णांकात तेवढी जागा नसते, आणि बेरीज उलटून ऋण होते. उपाय एका ओळीचा : पहिल्या टोकात दोन टोकांमधील अंतराचा निम्मा भाग मिळवायचा.

९/२६
मुलाखतींतील इतर आवडत्या प्रश्नांचा इतिहासही असाच आहे. ‘क्विकसॉर्ट’ ही क्रम लावण्याची रीत टोनी होअर यांना १९५९ साली मॉस्कोत भाषांतराच्या कामासाठी शब्दांचा क्रम लावताना सुचली आणि १९६१ साली प्रसिद्ध झाली. दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधील एका कॅफेत वीस मिनिटांत मनातल्या मनात रचली. वीस मिनिटे हा वेळ मुलाखतीलाही लाजवणारा आहे. पण शेजारी भावी पत्नी होती, समोर कॉफी होती, आणि घड्याळ लावून कोणी बसले नव्हते.

१०/२६
मग हे प्रश्न नोकरीच्या दारावर आले कसे? १९५० च्या दशकात अमेरिकेत संगणक वाढले, आणि ते चालवणारी माणसे कोठून आणायची हा पेच पडला. संगणकशास्त्राची पदवी अजून अस्तित्वात नव्हती. म्हणून १९५५ साली आयबीएमने ‘प्रोग्रॅमर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’ तयार केली. तीत अंकमाला पूर्ण करणे, आकृत्यांतील साम्य ओळखणे आणि अंकगणिती तर्क असे तीन भाग होते. प्रोग्रॅमिंग कोणालाच येत नव्हते, त्यामुळे ते विचारणे शक्य नव्हते. प्रोग्रॅमिंग शिकू शकेल असे डोके ओळखण्याची ती धडपड होती.

११/२६
ही चाचणी इतर कंपन्यांनीही उचलली. एक अडचण मात्र लवकर पुढे आली : चाचणीतील गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामातील यश यांची जोडी नीट जमेना. तरीही चाचणी टिकली. कारण व्यावहारिक होते. अर्जदार हजारो, तपासणारे मोजके. गुणांचा एक आकडा हाती आला की निर्णय सोपा होतो, आणि तो चुकला तर दोष आकड्यावर टाकता येतो. चाळणी धान्य ओळखते की केवळ दाण्यांचे आकारमान, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१२/२६
भारतात ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झाला. १९६८ साली टीसीएस आणि १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. पुढे महाविद्यालयांत जाऊन भरती करण्याची पद्धत रुजली आणि तर्क-अंकगणिताच्या लेखी चाचण्या ओळखीच्या झाल्या. अभियांत्रिकी वसतिगृहांत शकुंतला देवींचे ‘पझल्स टू पझल यू’ हे १९७६ चे पुस्तक हातोहात फिरू लागले. ते मनोरंजनासाठी लिहिलेले होते. विद्यार्थ्यांनी त्याला गाइड केले.

१३/२६
अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमुळे तोंडी कोड्यांची प्रथा गाजली. गटाराची झाकणे गोल का असतात, हा प्रश्न याच काळात दंतकथा झाला. २००४ साली गूगलने कॅलिफोर्नियात नाव न लिहिता एक जाहिरात फलक लावला : ‘ई’ या गणिती स्थिरांकाच्या दशांश विस्तारात सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा. उत्तर हाच एका संकेतस्थळाचा पत्ता होता आणि तेथे पुढचे कोडे होते. ते सोडवणाऱ्यांना अखेर अर्ज करण्याचे आमंत्रण मिळे.

१४/२६
२०१३ साली त्याच कंपनीचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीरपणे सांगितले की अशी कोडी वेळेचा अपव्यय आहेत. त्यांतून उमेदवाराविषयी काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान मात्र मिळते. तोवर कोड्यांची जागा कोडने बऱ्याच अंशी घेतली होती. गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ २००८ सालीच आले होते. नंतर सरावाची संकेतस्थळे आली आणि त्यांवर हजारो प्रश्न साठले. कामाशी जवळीक वाढली हे खरे. पण परीक्षा ओळखीची झाली की परीक्षेचीच तयारी होऊ लागते, हा जुना नियमही पुन्हा खरा ठरला.

१५/२६
येथवर वाचून हरसूलच्या तरुणाला वाटले की हे दारच पाडून टाकावे. मग त्याने इतिहासाला उलट प्रश्न विचारला : दार नव्हते तेव्हा काय होते? ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरीत जाण्याचा मार्ग १८५३ पर्यंत एकच होता : कंपनीच्या एखाद्या संचालकाने नाव सुचवणे. पुतणे, भाचे आणि स्नेह्यांची मुले हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकून हिंदुस्थानात अधिकारी होत. १८५३ च्या सनदी कायद्याने हा हक्क काढून घेतला. १८५५ साली खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली.

१६/२६
कागदावर ती सर्वांना खुली होती. ती होत असे लंडनमध्ये. सुएझ कालवा तेव्हा झालेला नव्हता; मुंबईच्या उमेदवाराला महिनोन्‌महिन्यांचा खर्च, समुद्रप्रवास आणि घरच्यांचा रोष पत्करून तेथे जावे लागे. पहिल्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. प्रश्नपत्रिकेत पक्षपाताचा एक शब्दही नव्हता. पक्षपात गुणांच्या तक्त्यात आणि जहाजाच्या तिकिटात होता.

१७/२६
१८६९ साली चार भारतीय उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकी बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून वगळण्यात आली. भारतात चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत होती. ‘सोळावे लागले’ याचा अर्थ पंधरा पूर्ण. लंडनच्या आयुक्तांना हा हिशेब मान्य नव्हता. सुरेंद्रनाथांनी न्यायालयात दाद मागितली, आयुक्तांना माघार घ्यावी लागली आणि ठाकूर यांनाही जागा परत मिळाली. चाचणी उत्तीर्ण होणे आणि चाचणी घेणाऱ्याला समजणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

१८/२६
पुढे कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली आणि १८७८ पासून ती लागू झाली. घर सोडून, परक्या भाषेत, परक्या अभ्यासक्रमाची तयारी करणाऱ्याची दोन वर्षे त्यात गेली. परीक्षा भारतातही घ्यावी, यासाठी दादाभाई नौरोजींसह अनेकांनी दशकानुदशके लढा दिला. भारतात ती प्रथम झाली १९२२ साली. त्याआधी चारच वर्षे, १९१८ साली, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख लंडनच्या परीक्षेत पहिले आले होते. प्रश्न भारतीयांच्या बुद्धीचा कधीच नव्हता; प्रश्न वाटेच्या लांबीचा होता.

१९/२६
येथे त्या तरुणाच्या मनातील दोन टोके जुळली. हिंजवडीत त्याचा कोणी काका नाही, कोणी मामा त्याचा बायोडेटा साहेबाच्या टेबलावर ठेवणार नाही. परीक्षा मोडली आणि शिफारस उरली, तर पहिला बाहेर पडेल तो हरसूलचाच उमेदवार. म्हणजे परीक्षेची सर्वांत जास्त गरज त्यालाच. पण त्या परीक्षेपर्यंतची वाटही त्यालाच सर्वांत लांब : अस्थिर नेटवर्क, उशिरा हाती आलेला लॅपटॉप, मोठ्याने इंग्रजीत विचार करण्याची नसलेली सवय, आणि सरावासाठी लागणारे बिनपगारी महिने.

२०/२६
किल्ल्यांच्या भाषेत हे नीट सांगता येते. गोमुखी दरवाजा समोरून दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेत तो लपवलेला असतो. वाट वळत जाते, आणि तोफेला किंवा हत्तीला सरळ धाव घेता येत नाही. तेथे फळ्यांच्या जाडीइतकेच वाटेचे वळणही माणसाला रोखते. ज्याला वाट ठाऊक, तो दिंडी दरवाजातून सहज आत जातो. नव्याने आलेला बुरुजाखाली गोंधळून उभा राहतो. तेवढ्यावरून त्याच्या बळाची परीक्षा झाली असे कोणी म्हणत नाही.

२१/२६
वाटेचे हे वळण मोजलेही गेले आहे. २०२० साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी फळ्यावर, परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवला. काहींनी तसाच प्रश्न बंद खोलीत एकट्याने. कोणीतरी पाहत असताना कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. परीक्षकासमोर बसलेल्यांपैकी एकही स्त्री उत्तीर्ण झाली नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सर्व स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. संख्या लहान आहे, त्यामुळे शेवटचा निष्कर्ष जपूनच घ्यावा. पण ओटीवर थांबलेल्या हाताला त्यात आपले नाव सापडले.

२२/२६
मग योग्य दार कोणते? १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी भरतीच्या पद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. विस्कळीत गप्पांच्या मुलाखतीपेक्षा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना तेच प्रश्न ठरावीक कसोटीने विचारणे सरस ठरले. एखादा बिघडलेला प्रोग्रॅम देऊन तो दुरुस्त करायला सांगणे, दुसऱ्याचा कोड वाचून त्यातील दोष दाखवायला सांगणे, या अशा पद्धती आहेत. त्या घेणाऱ्या कंपन्या आहेतही. अशा चाचणीला तयार करायला आणि तपासायला परीक्षकाचे कष्ट लागतात. घड्याळ लावायला कष्ट लागत नाहीत.

२३/२६
या शोधात त्या तरुणाला सरावाच्या एका संकेतस्थळावर एक मराठी नाव दिसले. हॅकररँकवर ‘मॉडिफाइड कापरेकर नंबर्स’ नावाचा प्रश्न आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले. १९२९ साली बी.एस्सी. झाले, त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. देवळाली नाशिकला लागून, हरसूलच्याच जिल्ह्यात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५ : अशा संख्यांना जग आज ‘कापरेकर संख्या’ म्हणते.

२४/२६
त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी. ३५२४ वरून ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४, आणि पुढे कायम ६१७४. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या येथेच येते. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. देशातील अनेक गणितज्ञांनी ते क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले.

२५/२६
विचार केला तर यात एक विलक्षण गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर निव्वळ आनंदासाठी एका शिक्षकाने मांडलेला आकड्यांचा खेळ आज नोकरीच्या तयारीचा प्रश्न झाला आहे. खुद्द कापरेकरांपुढे तो घड्याळ लावून ठेवला असता तर ते काय करते? बहुधा त्यातच दुसरे काही मजेशीर दिसून ते रमले असते आणि वेळ संपली असती. दार त्यांना नापास करते. त्यांच्या संख्या मात्र दारातच बसल्या आहेत. या एका उदाहरणाने त्या तरुणाच्या मनातील जुना प्रश्न सुटला : नकार हा दाराचा निर्णय आहे, डोक्याचा नाही. त्याचबरोबर दार खरे आहे आणि हप्ताही खरा आहे, हेही तो विसरला नाही.

२६/२६
त्याने दोन गोष्टी केल्या. शेजारच्या दहावीच्या मुलांना ओटीवर बसवून तो रोज एक प्रश्न मोठ्याने सोडवू लागला. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मुले मधेच हसत, प्रश्न विचारत, ६१७४ ला पोचण्याची शर्यत लावत. पाहणाऱ्या डोळ्यांची भीती हळूहळू ओसरली. आणि मध्य काढण्याची ओळ तो आता ब्लॉक यांनी सुचवल्याप्रमाणे लिहू लागला. कार्तिकात दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत झाली. प्रश्न वेगळा होता, पण त्याच्या पोटात शोधाची तीच जुनी रीत होती. वेळ संपली तेव्हा एक उपप्रश्न अर्धा राहिला. निकाल यायचा आहे.
वडील अंगणात भात वाळवत होते.
“काय विचारलं आज?”
“आकडाच शोधायचा होता, बाबा.”
“सापडला?”
“सापडला. आणि कसा सापडला, तेही सांगितलं.”